जुना ट्रक एका सेल्फात उठत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंडेनवमीला गाडी धुतली जाते, हार पडतो, नारळ फुटतो आणि किल्ली फिरवली की गाडी उठत नाही. पावसाळाभर उभी असलेली गाडी ऊस हंगामासाठी बाहेर काढायची हीच वेळ. त्यामुळं दसरा ते दिवाळी या दिवसांत मला सगळ्यात जास्त हेच प्रश्न येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंप-नोझल (डिझेल दाबानं सोडणारा पंप आणि ते सिलेंडरमध्ये फवारणारं नोझल) आणि इंजिनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. कागल, हातकणंगले, गडहिंग्लजकडचे मालक आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथं एकत्र केलंय. ही उत्तरं यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहेत: टाटाची १२१०, १६१२, १६१३, लेलँडची कॉमेट, अशा. सेन्सर आणि कॉमन रेलच्या (डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो अशा) नव्या गाड्यांना यातलं निम्मं लागू पडत नाही.

१. गाडी चालू व्हायला किती वेळ लागला तर बिघाड समजायचा?

धडधाकट इंजिन दिवसा तीन-चार सेकंदांत पेट घेतं. थंडीच्या पहाटे आठ-दहा सेकंद लागले तरी काळजी नको. रोज त्याहून जास्त लागत असेल किंवा दोन-तीनदा सेल्फ मारावा लागत असेल, तर काहीतरी झिजलंय किंवा गळतंय.

एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान एक मिनिट थांबा. तीन वेळा मारून उठली नाही तर किल्ली काढून घ्या. चौथ्या-पाचव्या वेळी गाडी उठत नाही, बॅटरी मात्र बसते आणि सेल्फचं आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जळतं. मूळ दुखणं दोनशे रुपयांच्या वॉशरचं असतं आणि वर सेल्फचं काम निघतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

२. मेकॅनिकला बोलावण्याआधी मी स्वतः काय बघू?

पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा. सेल्फचा आवाज कसा आहे? सायलेन्सरमधून धूर येतो का, कसला येतो? आणि त्रास गार असताना होतो की गरम असताना?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात नोझल डिझेलची फवारणी करतं आणि ते पेटतं. म्हणजे इंजिन वेगानं फिरलं पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि डिझेल योग्य क्षणी, बारीक धुक्यासारखं आत पडलं पाहिजे. यातलं नेमकं काय चुकतंय ते आवाज, धूर आणि वेळ या तीन गोष्टी सांगतात.

सेल्फ रडतोय, इंजिन कसंबसं फिरतंय: प्रश्न ३. सेल्फ नुसता टक् करतो किंवा एकटाच फिरतो: प्रश्न ४. जोरात फिरतंय पण धुराचा पत्ता नाही: प्रश्न ५. पांढरा धूर येतो पण पेट घेत नाही: प्रश्न ८. फक्त गरम असताना अडते: प्रश्न १०.

मेकॅनिकला फोन केलात तरी "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका, या तीन गोष्टी सांगा. तो येताना नेमकी हत्यारं घेऊन येईल.

३. बॅटऱ्या नव्या आहेत, तरी सेल्फ हळू फिरतो. असं कसं?

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून सविस्तर सांगतो.

कागलकडच्या एका मालकांनी पंप दोनदा कॅलिब्रेट करून घेतला, सेल्फ बांधून घेतला, शेवटी बॅटऱ्याही बदलल्या. गाडी सकाळी तशीच रडायची. मी क्लीनरला सेल्फ मारायला सांगितलं आणि जाड केबलवरून हात फिरवत गेलो. चासीला जिथं अर्थिंगची लग (केबलच्या टोकाची धातूची चकती) बसते तिथं बोट लागलं आणि चटका बसला. बोल्ट खोलला तर लगेखाली गुळगुळीत निळा रंग. दसऱ्याआधी चासीला रंग मारलेला आणि लग तशीच रंगावर आवळलेली. पॉलिश पेपरनं घासून पांढरा पत्रा काढला, लग आवळली, वर ग्रीस लावलं. पहिल्या सेल्फात गाडी उठली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून आधी केबल आणि अर्थिंग. बॅटरीचा टर्मिनल, सेल्फचा बोल्ट, इंजिन ते चासी ही पट्टी, सगळं खोलून घासा. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यानं धुवा. सेल्फ मारून झाल्यावर जो जोड गरम लागेल तोच चोर.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असलेल्या २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटऱ्यांवर १९ व्होल्टच्या खाली काटा जायला नको. तिथं व्होल्टेज ठीक आणि सेल्फच्या बोल्टवर एक व्होल्टपेक्षा जास्त कमी दिसतं, तर वाटेत केबल खातेय. बॅटरीवरच पडतं, तर हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजायची नळी) लावा. भरलेली बॅटरी बाराशे साठच्या आसपास दाखवते, बाराशेच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी गेली.

आणखी एक खोड आपल्या गाड्यांत हमखास सापडते. टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर यांना १२ व्होल्ट लागतात, म्हणून वायर दोनपैकी एकाच बॅटरीवरून ओढलेली असते. ती बॅटरी रोज थोडी रिकामी होते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. सहा महिन्यांत जोडी बिघडते आणि दोष कंपनीला जातो. त्यासाठी २४ ते १२ चा कन्व्हर्टर बसवा. आणि बदलायच्या तर दोन्ही बॅटऱ्या एकदम, सारख्या क्षमतेच्या. एक नवी, एक जुनी असा संसार टिकत नाही.

४. सेल्फ टक् करून थांबतो, किंवा मोकळाच फिरतो. इंजिन हलत नाही.

नुसता टक् आवाज म्हणजे बॅटरी बसलेली, केबल सैल किंवा सोलेनॉइडचे (किल्ली फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळालेले. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मिणमिणले तर बॅटरी किंवा केबल (प्रश्न ३). लाइट तसेच राहिले तर सोलेनॉइड.

सेल्फ मोकळा फिरत असेल तर बेंडिक्स (सेल्फला फ्लायव्हीलशी जोडणारं दातेरी चाक) घसरतंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. सहा सिलेंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक तीन जागांवरच थांबतं, त्यामुळं रिंग तिथंच झिजते. सपाट जागी गाडी टॉप गिअरला टाकून हातभर ढकला, न्यूट्रल करा आणि पुन्हा सेल्फ मारा. उठली तर रिंगच समजा. पहिल्या गिअरमध्ये ढकलायला जाऊ नका, हलणार नाही.

५. सेल्फ जोरात फिरतो, पण धूर अजिबात नाही.

डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. पहिल्यांदा पंपावरचा स्टॉपचा (इंजिन बंद करायचा) दांडा बघा. केबल गंजून अर्ध्यात अडकली की नॉब आत ढकललेला दिसतो, पण पंपाचा दांडा बंदवरच राहतो. बोनेट किंवा कॅबिन उचलून बोटानं तो मागे करा. स्टॉप सोलेनॉइड असलेल्या गाडीत किल्ली फिरवल्यावर त्याचा क्लिक आवाज येतो का ते ऐका.

मग टाकी. काट्यावर विश्वास ठेवू नका, काठी घालून बघा. त्यानंतर फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी आणि दोन्ही फिल्टर. हँड प्रायमर (फीड पंपावरचा हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या) मारताना दट्ट्या कडक लागून परत येत नसेल तर टाकीकडचा पाइप चोंदलाय. भसाभस मोकळा जात असेल तर हवा आहे (प्रश्न ६ आणि ७).

६. रोज सकाळी हँड प्रायमर मारल्याशिवाय गाडी उठत नाही. दिवसभर मग काही त्रास नाही.

रात्रीतून डिझेल टाकीत उतरतंय आणि त्याची जागा हवा घेतेय. लोक पहिल्यांदा म्हणतात, "कुठंच गळत नाही हो, सगळं कोरडं आहे." कोरडंच असणार. टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा आहे. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

खात्री करायची एक युक्ती आहे. रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून, चाकांना दगड लावून उभी करा. टाकी पंपाच्या वर येते आणि डिझेल मागे जाऊ शकत नाही. सकाळी प्रायमरशिवाय उठली तर निदान पक्कं. आता जागा शोधायची. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि गाडी चालू करून उजेडात बघा. आत डिझेल एकसंध वाहायला हवं. मोहरीएवढे बुडबुडे माळेसारखे जाताना दिसले, तर टाकीपासून त्या नळीपर्यंतच कुठंतरी फट आहे.

माझ्या अनुभवात चोर असतात ते असे: बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दाबलेले तांब्याचे वॉशर, चिरलेला रबरी पाइप, फीड पंपाचे व्हॉल्व्ह, हँड प्रायमरचं सील आणि फिल्टरच्या भांड्याची रिंग. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की पुन्हा वापरायचा नसतो. अगदीच नसेल तर लाल तापवून पाण्यात विझवून मऊ करतात, पण तो रस्त्यावरचा उपाय. नवा घाला.

रोज प्रायमर मारून वर्ष काढणारेही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की असं करू नका. पंपाचे प्लंजर (आतले डिझेल दाबणारे दट्टे) डिझेलवरच ओले राहतात. रोज कोरडे फिरवलेत तर वॉशरच्या पैशात जे झालं असतं त्याला पंप उघडावा लागेल.

७. हवा कशी काढायची? मिस्त्री नसताना रस्त्यावर जमेल का?

जमेल. टाकीत निदान चौथाई डिझेल हवं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे ढिला करा आणि हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दोन्हीचं करा. मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, तसंच. शेवटी प्रायमरची मूठ पूर्ण आवळा. ती ढिली राहिली तर तिथूनच हवा शिरते.

एवढ्यावर बहुतेक गाड्या उठतात. नाही उठली तर नोझलकडचे दोन-तीन पाइपनट अर्धा-एक आटा ढिले करा, सेल्फ मारा, डिझेल झिरपायला लागलं की आवळा. त्या वेळी चेहरा आणि हात लांब ठेवा. नोझलची धार कातडीच्या आत घुसते. दिसायला टाचणी टोचल्यासारखं असतं, पण तो अपघात गंभीर आहे. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

८. पांढरा धूर भरपूर येतो, डोळे चुरचुरतात, पण इंजिन धरत नाही.

ही एका अर्थी चांगली खूण आहे. डिझेल पोचतंय, फक्त पेटत नाही. डोळे चुरचुरणारा, उग्र वासाचा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. वास नसलेली वाफ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडची चीर बघा.

शोधायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. सेल्फचा वेग कमी असेल तर हवा तापतच नाही, म्हणून आधी प्रश्न ३. मग एअर क्लीनर, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची फट) आणि नोझल. टॅपेट फार घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. गॅप किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकातून किंवा इंजिनावरच्या पट्टीवरून घ्या, शेजारच्या गाडीवरून नको.

नोझल टेस्टरवर लावून बघायचं असतं. या इंजिनांची नोझलं साधारण २०० बारच्या आसपास उघडतात, आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. चांगलं नोझल करकर आवाज करत धुकं सोडतं आणि टोक कोरडं राहतं. टोकाला थेंब लोंबला तर ते फवारत नाही, मुततंय. थेंब पेटत नाही, धूर होतो. गाडी कशीबशी चालू झाल्यावर एकेक पाइपनट ढिला करून बघा. ज्या सिलेंडरचा नट ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच आजारी.

पंप काढून बसवल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर वरचं सगळं सोडा आणि टायमिंग तपासा. पंप एक दात मागे बसला तरी हाच धूर येतो.

९. थंडीत पेटता बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे वापरला तर चालतो का?

नाही. आपल्याकडं थंडी ती केवढी? जानेवारीच्या पहाटे चौदा-पंधरा अंश. एवढ्यावर डिझेल गोठत नाही. इथं थंडीत उठत नसेल तर इंजिनात दोष आहे आणि थंडी तो फक्त दाखवून देते.

इथरचा स्प्रे पिस्टन वर यायच्या आधीच भडकतो. त्या ठोक्यानं रिंगा तुटतात, पिस्टनची कडा उडते. इनटेकला हीटर असलेल्या गाडीत तर स्फोट होतो. आणि पेटता बोळा एअर क्लीनरपाशी धरणं म्हणजे बाजूला उसाचं पाचट असलेल्या गाडीशी खेळ आहे. कारखान्याच्या अड्ड्यावर रांगेत शंभर गाड्या उभ्या असतात, त्याचा तरी विचार करा.

त्यापेक्षा हे करा: क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार सुटतो. पंपाला जादा डिझेलचं बटण असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणं वापरा. इंजिनात जुन्या सवयीनं ४० नंबरचं ऑइल घालत असाल तर गाडीला चालत असेल ते १५डब्ल्यू-४० घाला, पहाटेचा फरक लगेच कळेल.

१०. उलटं आहे. गार असताना लगेच उठते, पण घाट चढून चहाला थांबलो की चालू होत नाही.

गगनबावड्याला वर थांबलेल्या गाड्यांचे असे फोन मला नेहमी येतात. सेल्फ हळू फिरत असेल तर सेल्फच तापलाय, बुश झिजून आर्मेचर घासत असेल. सेल्फ जोरात फिरत असेल तर पंपाचे प्लंजर झिजलेत. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून मागे निसटतं आणि सेल्फच्या मंद वेगाला नोझल उघडण्याइतका दाबच होत नाही.

खात्रीसाठी पंपावर ओलं पोतं टाकून पंधरा मिनिटं थांबा. त्यानं उठली तर पंपाचंच काम. गरम पंपावर बादलीनं गार पाणी ओतू नका, प्लंजर जाम होतो.

११. जूनपासून गाडी उभीच आहे. हंगामाला काढताना काय काळजी घ्यायची?

टाकीच्या तळाचा बोल्ट खोलून पहिलं लिटर-दोन लिटर बाटलीत घ्या आणि स्थिर होऊ द्या. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर दव धरतं. खाली पाणी बसतं आणि पाणी-डिझेलच्या मध्ये काळपट शेवाळासारखा थर होतो. तो फिल्टरमध्ये गेला की प्रश्न ५ आणि पंपात गेला की मोठा खर्च. पाणी निघालं तर टाकी धुवा, दोन्ही फिल्टर बदला, हवा काढा (प्रश्न ७). टाकीच्या झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलंय का तेही बघा. गाडी चालू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडते आणि झाकण उघडताना सुस्स आवाज येतो, तर कारण तेच.

मग स्टॉप ओढून धरा आणि ऑइलचा काटा हलेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. बेअरिंगांवर ऑइल आल्यावरच गाडी पेटवा. एअर क्लीनर उघडून बघायला विसरू नका, उंदरांचं घरटं मी दोनदा काढलंय. पुढच्या मेअखेर गाडी उभी करताना टाकी फुल्ल करा आणि बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवा.

१२. पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. पाणी ओसरलं. सेल्फ मारून बघू का?

अजिबात नको. किल्लीला हातही लावू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, तेव्हा गाड्यांचं जे नुकसान पाहिलं त्यातलं बरंच पुरानं नव्हे, नंतरच्या एका सेल्फनं झालं होतं. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी विमा कंपनीला कळवा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा. बॅटरी सोडवा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं किंवा एअर क्लीनर ओला निघाला, तर सगळी नोझलं काढून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवायचं. नोझलच्या भोकांतून पाणी उडून जातं. मग ऑइल, फिल्टर आणि डिझेल सगळं नवं. टाकी, सेल्फ, अल्टरनेटर उघडून वाळवायचे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांच्या बेअरिंगमधलंही ऑइल-ग्रीस बदलायचं, नाहीतर महिन्याभरात तिथून आवाज येतो.

१३. ढकलून किंवा दुसऱ्या गाडीनं ओढून चालू केली तर इंजिनाला धोका आहे का?

इंजिनाला थोडा, माणसाला जास्त. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असताना हवा भरत नाही. टाकीत हवा नसेल तर काही गाड्यांचे ब्रेक लॉक राहतात आणि काहींचे लागतच नाहीत. उतारावर सोडून उठवायचा बेत दुसऱ्या प्रकारच्या गाडीत जिवावर येतो. हवेचा काटा बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. ओढायचीच असेल तर सपाट रस्त्यावर, कडक बार लावून, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये. आणि सिलेंडरमध्ये पाणी असल्याची शंका असेल तर मुळीच नाही.

१४. पंप-नोझल झालं, बॅटऱ्या झाल्या, तरी पांढरा धूर आहे. मिस्त्री म्हणतात इंजिन काम काढा. खरंच लागेल का?

लागत असेल, पण मोजल्याशिवाय होकार देऊ नका. इंजिन काम म्हणजे मालकाच्या अर्ध्या हंगामाची कमाई. नोझलच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन घ्यायला सांगा, बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि इंजिन गरम असताना. धडधाकट इंजिन सेल्फच्या वेगावर साधारण २५ बारच्या आसपास दाखवतं. सगळे सिलेंडर सारखेच खाली असतील आणि ऑइल भरायच्या झाकणातून भकाभक वारा येत असेल, तर रिंगा-लायनर गेलेत आणि मिस्त्रींचं बरोबर आहे. एकच सिलेंडर पाच-सहा बारनं खाली असेल तर त्यात नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे फक्त हेड उतरवायचं, खालचं इंजिन उघडायचं नाही. ते आकडे खडूनं कॅबिनच्या दारावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या मिस्त्रींनाही दाखवा.